सहा जण, पाच कार्डं आणि एक सिम: लडाखच्या प्रवासातलं पैशांचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, नात्यांवरूनच ओळख पटेल. ज्या बँकेच्या एटीएम यंत्राने त्रास दिला तिचंही नाव घेत नाही, कारण तो प्रसंग कुठल्याही बँकेच्या यंत्रावर घडू शकला असता. आकडे मात्र माझ्या हिशेबाच्या वहीतलेच आहेत.

पार्श्वभूमी

ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण साताऱ्याहून लडाखला गेलो. मी, माझा नवरा, थोरले दीर (आम्ही त्यांना दादा म्हणतो), जाऊबाई, त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा आणि माझी नणंद. नणंद एका पतसंस्थेत नोकरी करते. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे त्याचाच उपयोग झाला. पैशांची वही माझ्याकडे होती.

बेत असा होता. गुरुवारी विमानाने लेह. उंची साडेतीन हजार मीटर, त्यामुळे दोन दिवस विश्रांती. शनिवारी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात, रात्री हुंदरला. रविवारी तुर्तुक. सोमवारी श्योकच्या रस्त्याने पँगाँगकाठच्या मेराकला. मंगळवार-बुधवार हानले, गुरुवारी त्सो मोरिरीकाठी कोरझोक, आणि शुक्रवारी परत लेह.

लेहबाहेरच्या सहा रात्रींपैकी हुंदरच्या तंबूंचे पैसे घरूनच भरले होते. बाकी पाच रात्री गावातल्या घरांमध्ये राहायचं, जेवणासकट माणशी १,३०० रुपये. म्हणजे ३९,०००. दुपारचं जेवण, चहा, गोम्पांची (बौद्ध मठांची) तिकिटं, किरकोळ खरेदी ९,०००. ड्रायव्हरला खुशाली २,०००. एकूण ५०,०००. गाडीचे ४८,००० वेगळे, त्यातले निम्मे लेहमध्ये आगाऊ आणि निम्मे परतल्यावर.

लडाखला जाणाऱ्याने पहिल्यांदा समजून घ्यावी अशी एक गोष्ट आहे. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत, फक्त पोस्टपेड चालतात. आम्हाला हे माहीत होतं. सहा जणांत पोस्टपेड दोनच, नवरा आणि दादा. ‘दोन फोन चालू असले की झालं,’ असं आम्ही धरून चाललो. म्हणजे आम्ही फोन करता येण्याचाच विचार केला. बँकेचा ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो, यूपीआय कुणाच्या फोनवर आहे, हे कुणी विचारलं नाही. दादा यूपीआय वापरतच नाहीत. माझ्या फोनवर बँकेचं अ‍ॅप आहे, पण घरातले सगळे व्यवहार नवऱ्याच्या यूपीआयवरून होत असल्याने मी स्वतःचं यूपीआय कधी घेतलं नव्हतं. पुतण्याकडे यूपीआय होतं, पण त्याच्या खात्यात होते २,३००.

थोडक्यात, सहा जणांच्या पैशांना लेहबाहेर यंत्राशिवाय एकच वाट उरली होती, आणि ती नवऱ्याच्या सिममधून जात होती. घरी बसून हे कागदावर मांडलं असतं तर पाच मिनिटांत ध्यानात आलं असतं.

निघण्यापूर्वी काय ठरवलं

रोकड किती घ्यायची यावर घरात दोन मतं होती. मी म्हणत होते, लेहबाहेरचे पन्नासच्या पन्नास हजार घरूनच न्यायचे. दादांना ते पटेना. “अगं, एवढी रोकड अंगावर घेऊन फिरायचं कशाला? आता भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर असतो,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यातही तथ्य होतं. आम्ही दोन विमानं बदलून जाणार होतो, एका पिशवीत सगळ्यांचे पैसे राहणार होते, आणि पिशवी गेली की सगळंच गेलं.

मधला मार्ग निघाला. माणशी ५,००० प्रमाणे ३०,००० घरून आणि ३०,००० लेहच्या एटीएममधून तीन कार्डांवर काढायचे. आमच्याकडे चार डेबिट कार्डं आणि एक क्रेडिट कार्ड होतं.

पैसे सहा पाकिटांत वाटून घ्यावेत हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. खरं तर दादांची भीती आणि माझा आग्रह, दोन्हींचं उत्तर तिथेच होतं.

अडचण कशी वाढत गेली

*लेह, शुक्रवार संध्याकाळ.* पहिले दोन दिवस विश्रांती घ्यायचीच असते, त्यात जाऊबाईंचं डोकं दुखत होतं. त्यामुळे पैसे काढायला आम्ही निघालो ते शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता. मुख्य बाजारातल्या पहिल्या यंत्रातले पैसे संपलेले. दुसऱ्यापुढे वीस-बावीस माणसांची रांग. माझा नंबर आला, कार्ड घातलं, १०,००० टाकले. आत नोटा मोजल्याचा आवाज आला, पण नोटांचं झाकण उघडलंच नाही. पडदा काळा झाला आणि पुन्हा बँकेची जाहिरात दिसायला लागली. पावतीही नाही.

माझं सिम प्रीपेड, त्यामुळे पैसे गेले की नाही ते सांगणारा मेसेज येणार नव्हता. त्या वेळी एक गोष्ट मी बरोबर केली. यंत्रावर चिकटवलेल्या त्याच्या क्रमांकाचा फोटो काढला आणि वहीत वेळ लिहिली, सात वाजून बेचाळीस मिनिटं. हॉटेलवर येऊन वायफायवर अ‍ॅप उघडलं, तर खात्यातून १०,००० गेलेले.

त्याआधी, त्याच रांगेत, नवऱ्याच्या कार्डावर १०,००० नीट निघाले होते. दादांचं कार्ड हॉटेलवरच राहिलं होतं. लेहमध्ये ४,००० खर्च झाले होते, तेव्हा हातात ३६,०००. शनिवारी सकाळी उशिरा निघून आणखी एक प्रयत्न करता आला असता. पण ड्रायव्हर म्हणाला की खारदुंग ला सकाळी लवकर पार करावी. आणि वाटेत नुब्रातल्या दिस्कितला एटीएम आहे, या भरवशावर आम्ही निघालो.

*दिस्कित, शनिवार दुपार.* यंत्रात पैसे नव्हते. शेजारचा दुकानदार म्हणाला, आता सोमवारनंतर.

माझ्या मते सगळ्या प्रवासातली खरी चूक इथे झाली. आम्ही भर बाजारात उभे होतो, नवऱ्याचं यूपीआय तेव्हा व्यवस्थित चालत होतं, त्याच्या खात्यात पैसेही होते. दोन-चार दुकानांत, किंवा आमच्याच ड्रायव्हरला, ‘यूपीआय करतो, रोख देता का?’ एवढं विचारायचं होतं. तोवर आम्हाला टंचाई जाणवलीच नव्हती. पुढच्या घरांमध्ये यूपीआय चालेल असं म्हणून आम्ही हुंदरला गेलो.

*हुंदर ते तुर्तुक.* शनिवारी रात्री पुतण्याने लेहमध्ये घेतलेलं स्थानिक प्रीपेड सिम नवऱ्याच्या फोनमध्ये घातलं. हेतू चांगला होता. त्या फोनची बॅटरी जास्त टिकते, त्यावरून हॉटस्पॉट दिलं की सगळ्यांना घरी फोन करता येईल. त्या फोनमध्ये सिमसाठी एकच जागा, म्हणून पोस्टपेड सिम बाहेर निघालं आणि माझ्या पाकिटात आलं.

रविवारी तुर्तुक. १९७१ सालापर्यंत पलीकडे, पाकिस्तानच्या ताब्यात असलेलं हे बाल्टी लोकांचं गाव. पाटातून खळाळणारं पाणी, जर्दाळूंनी वाकलेली झाडं. ज्यांच्याकडे उतरलो त्यांना सकाळी पैसे द्यायला नवऱ्याने यूपीआय उघडलं, तर सिम बदललं आहे, पुन्हा नोंदणी करा, असा संदेश. जुनं सिम परत घातलं. नोंदणीसाठी त्या सिमवरून मेसेज जावा लागतो आणि त्या कंपनीचं नेटवर्क तिथे येऊन-जाऊन होतं. तीन प्रयत्न फसले आणि अ‍ॅपने चोवीस तास थांबायला सांगितलं. पुतण्या कोपऱ्यात नुसता उभा राहिला. त्याला कुणी काही बोललं नाही, बोलायचं कारणही नव्हतं. सिम काढलं की यूपीआय बंद पडतं हे आम्हा मोठ्यांपैकी तरी कुणाला माहीत होतं?

७,८०० रोख दिले. शनिवारचा खर्च २,४००, तुर्तुकचं जेवण आणि जर्दाळू १,८००. वहीत उरले २४,०००.

*श्योकचा रस्ता, सोमवार.* उन्हाळ्यात दुपारी बर्फ वितळून नाले भरतात आणि हा रस्ता मधूनच तुटतो. त्या दिवशी सकाळीच अघमच्या पुढे पाणी रस्त्यावर आलं होतं. दोन तास थांबून ड्रायव्हरने गाडी वळवली. दुपारी अडीचला आम्ही पुन्हा दिस्कितमध्ये होतो, एका जादा मुक्कामाचा खर्च डोक्यावर घेऊन.

समोरचे पर्याय

चहाच्या टपरीवर बसून मी वही उघडली. जादा रात्र ६,६००, मेराक ७,८००, हानलेच्या दोन रात्री १५,६००, कोरझोक ७,८००, वाटखर्च ५,०००. एकूण ४२,८००. हातात २४,०००. तूट १८,८०० आणि आजारपण निघालं तर वेगळा एक रुपया नाही.

दादांचं म्हणणं होतं, सरळ लेहला परत जायचं. सव्वाशे किलोमीटर, तिथे यंत्रं भरपूर. पण मग पँगाँग आणि हानले दोन्ही गेलं असतं. नवरा म्हणाला, ड्रायव्हरकडून उसने घेऊ. ड्रायव्हर स्वतःहून आठ हजार द्यायला तयारही होता. मला ते नको वाटलं. त्याचं मन मोठं होतं, पण त्याच पैशांत त्याला वाटेत डिझेल भरायचं होतं, आणि त्याच्या हातची रोकड संपली तर गाडीच अडली असती. जाऊबाईंनी सुचवलं, पुढच्या घरमालकांना लेहला पोहोचल्यावर पैसे पाठवतो म्हणावं. लडाखी माणसं कदाचित हो म्हणालीही असती. पण अनोळखी माणसाच्या दारात जेवून-झोपून झाल्यावर ‘नंतर देतो’ म्हणायचं, हे आम्हा कुणालाच रुचेना. सांगायचंच असेल तर आधी फोन करून सांगावं, आणि फोन तर लागत नव्हता.

एटीएम अजून कोरडंच होतं. शनिवारी सुचायला हवं होतं ते आता केलं. हॉटस्पॉटवर पुतण्याचं यूपीआय चालतं का बघितलं. चाललं! त्याचं प्रीपेड सिम नेटवर्कशिवाय होतं, पण त्याच्या फोनमध्येच राहिलं होतं, म्हणून अ‍ॅप चालू होतं. टपरीवरच्या चहाचे पैसे त्याने त्यावरूनच दिले. म्हणजे साताऱ्याहून माझ्या भावाने त्याच्या खात्यात पैसे टाकले, तर इथल्या दुकानदाराला यूपीआय करून रोख मागता येणार होती. दोन दुकानांत विचारलं. यंत्र तीन दिवस बंद म्हटल्यावर त्यांच्याकडेच रोख नव्हती. शनिवारी कदाचित मिळाली असती.

तेव्हा नणंद म्हणाली, “वहिनी, पोस्टात जाऊन बघू. अंगठ्यावर पैसे मिळतात.”

काय केलं

बँकखातं आधारशी जोडलेलं असेल तर बोटाचा ठसा देऊन दुसऱ्या कुठल्याही बँकेच्या प्रतिनिधीकडून किंवा टपाल खात्याच्या बँकसेवेतून पैसे काढता येतात. कार्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही, स्वतःचा फोन चालू असावा लागत नाही. एका वेळी साधारण १०,००० पर्यंत. गावोगावी पेन्शन आणि मजुरीचे पैसे असेच काढले जातात. शहरात एटीएमची सवय लागलेल्या आमच्यासारख्यांना ही सोय आपल्यासाठीही आहे हे लक्षातच येत नाही.

दिस्कितच्या टपाल कार्यालयात पोहोचलो तेव्हा खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ होता. नणंदेचा अंगठा पहिल्याच फटक्यात लागला, १०,००० मिळाले. माझा लागेना. थंडी आणि कोरड्या हवेने बोटांची टोकं फुटली होती, अंगठ्यावर तर उभी चीर होती. डावा, उजवा, तर्जनी, दर वेळी यंत्रावर लाल दिवा. खिडकीतल्या बाईंनी थर्मासमधलं कोमट पाणी रुमालावर ओतून दिलं. बोटं त्यात धरली, पुसली, नणंदेने पर्समधलं व्हॅसलिन चोळलं, पुन्हा कोरडी केली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. दहा हजार मागितले होते, पण त्या दिवशीची शिल्लक बघून त्या म्हणाल्या, सहाच देऊ शकते, उद्या गावातली माणसं येतील. बरोबरच होतं त्यांचं.

१६,००० मिळून हातात ४०,००० झाले. तूट अजून २,८०० ची.

आता काहीतरी सोडायला हवं होतं. दादांना त्सो मोरिरी बघायचा होता, पुतण्याला हानलेचं आकाश. हानलेला शहरातला उजेड नाही, म्हणून तर तिथे वेधशाळा आहे. त्या पोराने वर्षभर ताऱ्यांच्या नकाशाचा ध्यास घेतला होता. रस्ता बंद झाल्याने एक दिवसही गेलाच होता. कोरझोक गाळलं की पैसे आणि दिवस, दोन्ही गणितं जुळत होती. खर्च ३५,००० वर आला आणि ५,००० मोकळे राहिले. मी अट घातली की ते ५,००० वेगळ्या पाकिटात, जाऊबाईंकडे राहतील आणि दवाखान्याशिवाय सुटणार नाहीत. दादा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “ठीक आहे, त्सो मोरिरी पुढच्या खेपेला.”

उरलेल्या ३५,००० ची सहा पाकिटं तिथेच टपरीवर केली.

निष्पत्ती

मंगळवारी सकाळी लवकर निघून श्योकचा रस्ता पाणी वाढायच्या आत पार केला. मेराक झालं. हानलेला मोसमाचा दर माणशी १,५०० निघाला, दोन रात्रींचे २,४०० जादा लागले, ते मात्र सगळ्यांच्या संमतीने राखीव पाकिटातून दिले. परत येताना चुमाथांगच्या गरम झऱ्यांपाशी थांबून शुक्रवारी लेहला पोहोचलो. जाऊबाईंच्या पाकिटात २,६०० होते.

नवऱ्याचं यूपीआय लेहमध्ये सुरू झालं, पण नव्याने नोंदणी झाल्यावर पहिले चोवीस तास ५,००० चीच मर्यादा. ड्रायव्हरचे राहिलेले २४,००० आणि सोमवारच्या फेऱ्याचे ३,०००, असे २७,००० द्यायचे होते. ५,००० यूपीआयने आणि २२,००० तीन कार्डांवर एटीएममधून. या वेळी दुपारी दोन वाजता गेलो, रांग नव्हती.

अडकलेल्या १०,००० चं असं झालं. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून गेले, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत ते स्वतःहून परत जमा करायचे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, तीही ग्राहकाने न मागता. मी शनिवारी दिल्ली विमानतळावर फोन सुरू झाल्याबरोबर यंत्राच्या क्रमांकाचा फोटो आणि वेळ जोडून तक्रार केली. पैसे बाराव्या दिवशी आले, भरपाई आली नाही. नियमाचा उल्लेख करून लेखी मागितल्यावर सात दिवसांचे ७०० जमा झाले. पावती नव्हती, पण यंत्राचा क्रमांक आणि वेळ असल्याने कुणी पुरावा मागितला नाही. तीस दिवसांत दाद लागली नसती तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची तयारी ठेवली होती.

आता वेगळं काय करू

निघण्याआधी एक तक्ता करीन. प्रत्येक माणसापुढे त्याची बँक, कार्ड, ओटीपीचा नंबर, तो प्रीपेड की पोस्टपेड, यूपीआय आहे का, खातं आधारशी जोडलंय का. एकाच माणसापुढे सगळ्या खुणा दिसल्या की समजायचं, इथे अडणार. किमान दोघांचं यूपीआय हवं, आणि त्यांची पोस्टपेड सिमं दोन वेगळ्या कंपन्यांची. प्रीपेडचं पोस्टपेड करायचं असेल तर ऐन आदल्या दिवशी नको, सिम बदलल्यावर काही काळ मेसेज बंद राहतात.

यूपीआय असलेल्या फोनचं सिम प्रवासभर काढायचं नाही, चालत असो वा नसो. स्थानिक सिम घ्यावं, पण ते अशा फोनमध्ये घालावं ज्यावर बँकेचं काहीच नाही. जुना बाजूला पडलेला फोन यासाठी उत्तम.

आधारवर बोटांचे ठसे कुलूपबंद केले असतील, जे सुरक्षिततेसाठी योग्यच आहे, तर निघण्याआधी ते उघडून घ्यायचे आणि परतल्यावर पुन्हा बंद करायचे. शिवाय ही सेवा घराजवळच्या पोस्टात एकदा शंभर रुपये काढून वापरून बघायची. नणंद नसती तर आम्हाला ती सुचलीच नसती.

लेहमध्ये पैसे काढायचे ते सकाळी, आणि दोन वेगळ्या दिवशी थोडे थोडे. वाटेत एखादं यंत्र रिकामं दिसलं की त्याच बाजारात रोख मिळवायचा प्रयत्न सुरू करायचा, पुढच्या गावावर टाकायचा नाही. आणि शंभर-दोनशेच्या नोटा भरपूर हव्यात. तुर्तुकच्या जर्दाळूवाल्या आजींकडे पाचशेचे सुटे नव्हते. मग आम्ही गरज नसताना दोन किलो घेतले.

रोकड किती न्यायची यावर दादांचं आणि माझं अजून एकमत नाही. मी लेहबाहेरचा सगळा खर्च घरूनच नेईन. सहा जणांत पन्नास हजार म्हणजे माणशी साडेआठ हजारांच्या आत, एखाद्याचं पाकीट गेलं तरी प्रवास थांबत नाही. दादा म्हणतात निम्मे पुरेत, उरलेले घरमालकांना आधीच खात्यावर पाठवावेत, म्हणजे रोकडही कमी आणि त्यांनाही खात्री. तेही चूक नाही, पण रस्ता बंद होऊन बेत बदलला तर पाठवलेले पैसे परत कसे मागायचे, यावर त्यांच्याकडे उत्तर नाही. पुढच्या जूनमध्ये स्पितीला जायचं ठरतंय. दादांनी स्वतःच्या फोनवर यूपीआय घेतलं आहे, आणि परवा त्यांनी मला पहिल्यांदा त्यावरून पैसे पाठवले. तुर्तुकच्या जर्दाळूंचा त्यांचा वाटा.